कातळावरची घुंगुरकाठी

या मित्रांनो, जवळ सरका. अजून जरा जवळ, कारण माझा आवाज आता फार लांब जात नाही. कीर्तनाला बसता तशी मांडी घाला आणि मागं कोणी राहिलं असेल तर आधी त्याला पुढं घ्या. मी एक गोष्ट सांगणार आहे. ती आगीची आहे. ऐकताना जीव टांगणीला लागेल, पण मधेच कोणी उठायचं नाही.

मी एक जुनी घुंगुरकाठी आहे. मुळशीच्या धरणाकाठी एका लहानशा देवळात खुंटीला टांगलेली असते. माझा जन्म ऐनाच्या झाडाचा. कोंडिबा नावाच्या शेतकऱ्यानं मला तोडलं, सोललं, निखाऱ्यांवर धरून माझा बाक काढला आणि महिनाभर करंजेल पाजलं. त्याचा पोवळ्या नावाचा बैल होता. पोवळ्या गेला, तेव्हा गोठ्यात टांगलेली त्याची घुंगुरमाळ कोंडिबाला बघवेना. त्यानं त्यातली एकवीस घुंगरं चामड्याच्या वादीत ओवून माझ्या गळ्याशी बांधली आणि मला देवळात आणून दिलं.

तुम्हाला वाटेल, घुंगुरकाठी म्हणजे पुढं चालणाऱ्याचा मान. आमच्याकडं तसं नाही. रानातून चाळीस-पन्नास माणसं निघाली की काठी सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या हाती द्यायची, आणि पुढच्यानं कान मागं ठेवायचा. घुंगरू नीट ऐकू येतंय तोवर चालायचं, बारीक झालं की पाय आखडायचे, थांबलं की सगळ्यांनी जागीच थांबायचं. या नेमानं मी कितीतरी म्हातारी माणसं, पोटुश्या बाया आणि तापानं फणफणलेली पोरं सुखरूप पोचवली आहेत. लोक मला हात लावून पाया पडत. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

त्याहून आवडायचं ते कीर्तन. आमच्या गावचे भिवाजीबुवा वीणा घेऊन उभे राहिले की देवळाचे खांबसुद्धा ऐकू लागत. एकदा बुवा म्हणाले, "पुढं गेला तो पुण्यवान न्हवं. मागच्याला घिऊन गेला, तो पुण्यवान." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही वाजले असते, पण मला कोणी हलवलंच नाही.

आणे जाऊन नवे पैसे चालू झाले, त्याच्या पुढच्या वर्षी शिमगा उरकल्यावर बातमी आली. धरणाच्या पल्याडच्या तीरावरची डोंगरवाडी वणव्यात जळाली होती. माणसं वाचली, पण बारा घरं गेली आणि कणग्यांत राखलेलं पेरणीचं भात गेलं. मृगाला मुठीत दाणा नाही, म्हणजे वर्षभर पोटात दाणा नाही.

त्या रात्रीच्या कीर्तनात बुवांनी आख्यान अर्ध्यावर थांबवलं आणि उपरणं पसरलं. "मला आज ताटात काई नको. बी द्या. अन् नुसतं दिऊन बसू नका, आपल्या डोक्यावरनं पोचवाया चला."

धरणाला वळसा घालून जायचं तर दोन दिवस मोडले असते. मधे म्हसोबाचं बेट होतं. अलीकडून होडीनं बेटावर उतरायचं, बेट पायी ओलांडायचं, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पलीकडच्या चिखलातून चालत वाडी गाठायची. गुढ्या उतरवल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी एकेचाळीस माणसं निघाली. प्रत्येकाच्या डोक्यावर आंबेमोहोराच्या बियाण्याचं गाठोडं होतं.

त्यांच्यात धोंडाबाई होती. साठी उलटलेली, डावा गुडघा धरलेला. ती सुईण होती, आणि त्या जळालेल्या वाडीतली अर्धी पोरं तिच्याच हातावर जन्मली होती. काठी अर्थातच तिच्या हाती आली.

तीन पोती बी देणारे हैबतराव होडीपाशी मिशीवर हात फिरवत म्हणाले, "धोंडाबाई, तू पोचंस्तवर त्येंचं भात कापणीला यील!"

"मग कापून दिऊनच यीन की," धोंडाबाई म्हणाली. "तू पुढं जा, हैबती, अन् पंगतीला पैला बस. जल्मलास तवाबी भुकेनं बोंबलतच आला हुतास. माज्याच हातावर."

होडीतले सगळे हसले. हैबतरावांची सून जया तोंडाला पदर लावून हसली. हैबतरावही हसले, पण जरा कमी.

बेटाच्या कडेलाच म्हसोबाचा शेंदरी दगड आहे. त्याला धूप दाखवल्याशिवाय कोणी पुढं जात नाही. बुवांनी खापरात गोवरीचे निखारे ठेवले, ऊद टाकला, हात जोडले. भोवती गुडघाभर वाळलेलं गवत होतं आणि उगवतीचा वारा सुटला होता. सगळे निघाले, पण धोंडाबाई तिथंच उभी राहिली. तिच्या कमरेला पाण्याचा तांब्या बांधलेला होता.

"बुवा, ह्या निखाऱ्यावर जरा पाणी शिपडू का? वारं हाय."

बुवांनी कानाच्या पाळ्या धरल्या. "छे छे! द्येवाचा धूप पाण्यानं इझवायचा न्हाई, बाई. आलेल्या पावण्याला दारातनं हाकलल्यागत हुतंय ते. आपला आपण इझंल."

"म्हातारे, तू काठी सांभाळ," हैबतराव म्हणाले. "द्येव बुवा सांभाळत्यात."

तिनं तांब्याला लावलेला हात काढून घेतला. मित्रांनो, माझी जीभ म्हणजे घुंगरं. कोणी हलवल्याशिवाय मला बोलता येत नाही.

चढ सुरू झाला. बेटाच्या माथ्यावर देवळाच्या अंगणाएवढा उघडा कातळ आहे. त्यावर गवताची काडी नाही. कातळाच्या पलीकडं मात्र मोठी खळगी उतरते, आणि तिच्यात पुरुषभर उंचीचं गवत वाळून पिवळं झालेलं असतं. ती खळगी ओलांडली की पलीकडचा चिखल आणि पाणी.

बुवांना त्या दिवशी रंग चढला होता. त्यांनी विठ्ठलनामाचा गजर धरला, दहा टाळ वाजू लागले, चाळीस गळे एक झाले. मलाही तो गजर गोड लागत होता, हे मी लपवणार नाही. त्या नादात माणसं कातळ ओलांडून खळगीत उतरली, आणि मागं किती अंतर पडलं ते कोणी पाहिलं नाही. धोंडाबाई कातळावर पोचली तेव्हा तिच्याजवळ एकटी जया होती.

धोंडाबाई दम खायला टेकली. मी थांबले. नेमानं सगळ्यांनी थांबायला हवं होतं, पण टाळांच्या आवाजात माझं थांबणं कोणाला ऐकूच गेलं नाही. गजर लांब लांब जात राहिला.

धोंडाबाईनं नाक वर केलं. "जया, कसला वास येतोय गं?"

"म्हसोबाचा ऊद असंल, आजी."

"ऊद न्हवं ह्यो." ती उठली, मागं वळली. "गवत जळतंय."

खाली म्हसोबाच्या दगडापासून धुराचा पडदा उठला होता. त्याच्या तळाशी लाल रेघ सळसळत होती, आणि ती रेघ चढ चढून आमच्याकडंच येत होती.

धोंडाबाई डोंगरातली. चढावर आग माणसापेक्षा जोरात पळते, हे तिला ठाऊक होतं. कातळावर ती स्वतः वाचणार होती. पण आग कातळाला दोन्ही अंगांनी वळसा घालून खळगीत उतरणार होती, आणि खळगीत एकोणचाळीस माणसं गात चालली होती.

"बुवाऽऽ!" ती ओरडली. विठ्ठलनामात ती हाक बुडून गेली.

"जया, वझं टाक. पळ! त्यास्नी गाठ. म्हणावं, पाणी लांब हाय, गवत सरायचं न्हाई. माघारी कातळावर या. धूर आला तर घुंगरू वाजतंय तिकडं या."

"अन् तुमी?"

"मी ह्या गुडघ्यानं कुटं पळतीया? मी वाजवती. जा!"

जया धावली. धोंडाबाई कातळाच्या खळगीकडच्या कडेला येऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी मला हलवू लागली. आयुष्यात मी तशी कधी वाजले नव्हते.

खालचा गजर एकेक गळ्यानं तुटत गेला. मग एक किंकाळी आली. तेवढ्यात धूर कातळावरून खळगीत लोटला आणि मला कोणीच दिसेना. नुसते आवाज.

"पाण्याकडं चला!" हा हैबतरावांचा आवाज. "आगीकडं माघारी? म्हातारीला याड लागलंय!"

"मामंजी, माघारी फिरा! पाया पडते!" ही जया.

मग नुसता गवताचा चरचराट आणि मी.

नंतर बुवांचा आवाज आला. कीर्तनातला नव्हे, फाटलेला. "टाळ टाका! कुणी बोलू नका! घुंगरू ऐका!... ऐकलंसा? मागचं माणूस बलावतंय. तिकडंच चला. एकमेकाचा हात सोडू नका!"

आता आग कातळाच्या दोन्ही कडांना आली होती. जिथं धोंडाबाई उभी होती, तिथं गवताची टोकं थेट कातळाला टेकत होती. कातळाच्या मधोमध गेली असती तर झळ लागली नसती. पण मधून माझा आवाज खाली पोचला नसता. ती हलली नाही. तिच्या हाताची कातडी ओढली गेल्याचं मला कळत होतं. घुंगरं तापली. माझं खालचं टोक गवतात होतं, ते पेटलं. आणि ज्या वादीत घुंगरं ओवली होती, ती करपू लागली. वादी तुटली की एकवीसही घुंगरं खाली आणि मी मुकी.

धोंडाबाईनं कमरेचा तांब्या सोडला. मला वाटलं, पदर भिजवून तोंडावर घेईल. तिनं सगळं पाणी माझ्या वादीवर ओतलं. सकाळी म्हसोबापाशी जे शिंपडू दिलं नव्हतं, तेच ते पाणी.

आणि मी वाजत राहिले.

धुरातून पहिला हात वर आला तो जयाचा. मग एकामागून एक. कोणी खोकत, कोणी रडत, कोणी रांगत. हैबतराव वर आले आणि गुडघ्यांवर बसून डोकी मोजू लागले. पहिल्यांदा चुकले. पुन्हा मोजली.

"चाळीस," ते म्हणाले. "चाळीसच हायेत. कोन न्हाई? कोन न्हाई रं?"

"बुवा!" जया ओरडली.

धोंडाबाई आधीच खोकून दुमडत होती. हैबतरावांनी मला तिच्या हातून घ्यायला हात पुढं केला. तिनं मान हलवली. "तुला काठीचा ठोका जमायचा न्हाई, हैबती. मला नुस्ती मागनं धर." हैबतरावांनी तिला मागून दोन्ही हातांनी धरलं, आणि ती मला हलवत राहिली. दहा ठोके. वीस. धुरात कोणी नाही. तीस.

मग एक उघडं डोकं दिसलं. बुवा सगळ्यांना पुढं ढकलून स्वतः शेवटी राहिले होते. गळ्यातली वीणा कुठं पडली होती देव जाणे. खांद्यावर कोणाचं तरी बियाण्याचं गाठोडं होतं. ते कातळावर चढले आणि त्यांच्या मागं खळगी भडकली.

एक आरती म्हणून होईल एवढ्या वेळात सगळं जळून गेलं. राख उडत होती, आणि एकेचाळीस माणसं एकमेकांना धरून बसली होती.

बुवा धोंडाबाईपुढं डोकं टेकून हुंदके देऊ लागले. "मी नको म्हणलो, बाई. तांब्याभर पाण्याला नको म्हणलो. मला वाटलं, द्येवाचा अपमान हुईल."

धोंडाबाईला धड बोलवत नव्हतं. तरी ती म्हणाली, "म्हसोबाला पाणी चालत न्हाई व्हय, बुवा? सणाला आंगूळ घालतोच की आपुन त्येला!"

रडता रडता हसू येतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

निम्मी गाठोडी जळाली होती, निम्मी उरली होती. गरम राखेतून ती पलीकडं नेली. धोंडाबाईला घोंगडीच्या झोळीत घातलं होतं, आणि झोळीचा पुढचा दांडा हैबतरावांच्या खांद्यावर होता. वाडीतली म्हातारी सखू सामोरी आली. आमची काळी तोंडं पाहून म्हणाली, "आमी जळालो म्हून तुमीबी काळं हून आलासा व्हय? येवढी सोयरीक नगं हुती गं!" मग तिला धोंडाबाईचे हात दिसले, आणि तिनं ओंजळ पुढं केली. त्या हातांनीच धोंडाबाईनं पहिली मूठ बी तिच्या ओंजळीत घातली.

मृगात वाडीनं पेरलं. रोपं आली, लावणी झाली. धोंडाबाईचे हात बरे झाले, पण छातीत बसलेला धूर निघाला नाही. भाताला लोंब्या आल्या तेव्हा जयानं तिला एक हिरवी लोंबी आणून दाखवली. तिनं ती उशाशी ठेवली. कापणी मात्र तिनं पाहिली नाही.

नंतर काही वर्षं माझा फार मान झाला. बुवा प्रत्येक कीर्तनात मला हाती घेऊन ही गोष्ट सांगत, आणि स्वतःची चूक कधी गाळत नसत. आता बुवा थकले. देवळावर मोठा कर्णा लागला. माझा कोण काय उपयोग करणार? कोणी माझ्यानं जळमटं काढली, कोणी कुत्रं हाकललं. घुंगरं पोरांनी खेळायला नेली. एकविसांतली चार उरली आहेत. जया तेवढी सणासुदीला येते, मला पुसते, आणि माझ्या जळक्या टोकावरून बोट फिरवते.

मित्रांनो, मला पुन्हा एकवीस घुंगरं बांधा, असं मी म्हणत नाही. एवढंच सांगते की घोळक्यानं चालताना कितीही रंगात आलात तरी मधेच गाणं थांबवा आणि मागचा येतोय का, ते ऐका. आणि माळावर देवाला धूप घातलात, तर निघताना त्यावर तांब्याभर पाणी शिंपडा. देव रागावत नाही.

ते पाणी शिंपडताना एकदा धोंडाबाईचं नाव घ्या.