माझा आवाज निघाला तेव्हा मी घरी होतो

शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५. संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर, नव्या भाताच्या कार्यक्रमात, दोन मोठ्या साऊंड बॉक्समधून माझा आवाज सुरू झाला. मी तिथे नव्हतो. तिथून दोन किलोमीटरवर, झिपरूच्या घरात, मी कुडाच्या भिंतीला टांगलेला होतो.

मित्रांनो, मी एक जुना तारपा आहे. तोंडाने फुंकून वाजवायचे वाद्य. मला वाजवतो त्या झिपरूच्या परसातल्या वेलावर माझा जन्म झाला. एकाच वेलाला सात भोपळे लागले होते. त्यातले सहा घरच्यांनी खाल्ले आणि एक बियांसाठी वेलावरच ठेवला, तो मी. उन्हाळाभर मी वाळलो. झिपरूने मला पोखरून बिया काढल्या, बांबूच्या दोन नळ्या बसवल्या, ताडाच्या पानाचा लांब भोंगा गुंडाळला आणि सगळे सांधे मधाच्या पोळ्याच्या मेणाने बंद केले. त्याला सतरा वर्षे झाली. भोंगा चार वेळा बदलला. मेण किती वेळा बदलले याची नोंद नाही. भोपळा मात्र तोच आहे.

माझे काम समजून घ्या. झिपरू मध्ये उभा राहून वाजवतो आणि नाचणारे हातांची साखळी करून त्याच्याभोवती फिरतात. साखळीच्या पुढे घुंगरकाठी घेऊन रघ्या असतो. नाचणारा माझ्याकडे पाठ करत नाही. झिपरू वळला की रघ्या वळतो आणि रघ्याच्या मागून तीस-चाळीस माणसे वळतात. त्यासाठी कोणी हाक मारत नाही. माझ्या भोंग्याचे तोंड जिकडे, तिकडे सगळा पाडा. एवढा मान फार थोड्या वाद्यांना मिळतो.

मुकेशने मला स्टेजवर नेले. तो शेजारच्या पाड्याचा, कीबोर्ड वाजवतो. त्याच्या पार्टीत ढोलकी आहे, ड्रम पॅड आहे आणि गाणारी प्राजक्ता आहे. पहिला कार्यक्रम घोलवडला, चिकूवाडीतल्या मोकळ्या जागेत झाला. आयोजकांनी झिपरूला खुर्च्यांकडे तोंड करायला सांगितले. त्याने तसे केले आणि नाचणारे सगळे स्टेज सोडून खुर्च्यांच्या पुढे येऊन उभे राहिले, कारण भोंगा तिकडे होता. आयोजकांनी कपाळाला हात लावला. लोकांना मात्र ते फार आवडले. शेवटी वाडीतल्या गुजराती बायकाही साखळीत शिरल्या आणि त्यातली एक झिपरूला म्हणाली, "भाई, फरी एक वार," म्हणजे पुन्हा एकदा. आम्ही तीन वार वाजवले.

त्यानंतर मुकेशने नवे गाणे करायचे ठरवले. रेकॉर्डिंग डहाणूत एका खोलीत झाले. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. रेकॉर्डिंगवाल्याने तीस सेकंदांचा तुकडा मागितला. झिपरूने सुरू केले आणि तो बावीस मिनिटे थांबला नाही. आमच्यात तारपकरी नाकाने श्वास घेतो आणि गालांतली हवा फुंकत राहतो, सूर तुटत नाही. काचेपलीकडून हातवारे झाले. झिपरूला ते नाचणे वाटले आणि त्याने आणखी जोर लावला. नंतर विचारले तर त्याचे उत्तर सरळ होते. "नाचणारे दमले म्हंजे मी थांबतो. इथं कोन दमलाच नाय."

गाणे जानेवारीत आले. आठवडाभरात ते रिक्षांतून, हळदींतून, शाळेच्या स्नेहसंमेलनांतून वाजू लागले. विवळवेढ्याच्या जत्रेत पाळण्याजवळ ते रघ्याने ऐकले. फोनवर गाण्याखाली लिहिले होते: तारपा – झिपरू. त्याला वाचता येत नाही. गंगीने, म्हणजे त्याच्या बायकोने, तो शब्द तीन वेगवेगळ्या मुलींकडून वाचून घेतला आणि तिघींनी तेच वाचल्यावरच विश्वास ठेवला.

पण त्याच बावीस मिनिटांतून मुकेशने चार तुकडे कापले, त्यांचा सूर ओढून आपल्या पट्टीत बसवला आणि कीबोर्डच्या एका बटणावर ठेवले. त्याचीही अडचण होती. लग्ने एप्रिल-मेमध्ये असतात आणि झिपरूच्या घरची रीत अशी की नवे भात आल्यावरच मला हात लावायचा आणि उन्हाळा लागला की टांगून ठेवायचे. त्यामुळे उन्हाळ्यातली सगळी लग्ने त्या बटणाने वाजवली. मी कुडावर होतो. उकाड्याने माझे मेण सुटले.  मग नोव्हेंबर आला, भात घरात आले, तरी मुकेशचे बोलावणे आले नाही. तेव्हा झिपरूने गंगीला एकदाच विचारले, "माझा काम संपला काय गं?" 

आता पंधरा तारखेकडे येतो. पुढचे मी पाहिलेले नाही. रघ्याने सांगितले आणि प्राजक्ताने तेच सांगितले, म्हणून लिहितो.

मुकेशने बटण दाबले. साखळी तयार होती. रघ्याने घुंगरकाठी आपटली, चार पावले टाकली आणि थांबला. मध्ये कोणी नव्हते. आवाज डाव्या बॉक्समधूनही येत होता आणि उजव्यातूनही. साखळीचे एक टोक डावीकडे वळले, दुसरे उजवीकडे, आणि मधली माणसे एकमेकांवर आपटली.

मुकेश म्हणाला, "काका, नाचा ना. आवाज झिपरूकाकांचाच आहे."

"आवाज हाय रं," रघ्या म्हणाला. "मानूस कुठं हाय? पाठ कोनाकडं नाय करायची, तुझ्या खोक्याकडं?"

लोक हसले. मागून एका बाईने सुचवले की मुकेशलाच बुजगावण्यासारखा मध्ये उभा करा, निदान वाऱ्याने हलेल तरी. मुकेशने बटण बंद केले आणि मोटारसायकल काढली.

तो आमच्या दारात आला तेव्हा झिपरू पेंढा रचत होता. मुकेश म्हणाला, चूक झाली, चला. झिपरूने मला उतरवले, सांधे चाचपले आणि चुलीजवळ बसला. मुकेश घाई करत होता, लोक थांबलेत म्हणत होता. झिपरूने वर पाहिलेही नाही. "बस. मेन तापू दे."

सात वाजून पस्तीस मिनिटांनी आम्ही पोहोचलो. मी दोन सुरांच्या मध्ये कुठेतरी वाजतो, कीबोर्डच्या कोणत्याच पट्टीत नीट बसत नाही. मुकेश थोडा वेळ धडपडला. मग त्याने कीबोर्डचा सूर बारीक बारीक खाली आणला आणि माझ्याशी जुळवला. मित्रांनो, त्या संध्याकाळी आम्ही पन्नास मिनिटे वाजवले. झिपरू वळला तशी साखळी वळली. एकदाही कोणी कोणावर आपटले नाही.

तुमच्या भागात कोणी गात-वाजवत असेल तर त्यांचे नवे गाणे फोनवर जरूर ऐका. पण ते जवळपास वाजवणार असतील तेव्हा उठून तिथे जा. आणि घरात कुडावर एखादे वाद्य टांगलेले असेल तर त्याचे सांधे बघा.

बटण कीबोर्डवर अजून आहे. मे महिन्यातल्या सहा लग्नांच्या सुपाऱ्या मुकेशने घेतल्या आहेत. डिसेंबरपासून तो दर रविवारी आमच्याकडे येतो आणि न तोडता फुंकायला शिकतो. काल तो अकरा सेकंदांपर्यंत गेला. लग्नांत त्याने स्वतः मला वाजवले तर चालेल का, असे त्याने जाताना विचारले. झिपरूने मला त्याच्या हातातून घेऊन परत टांगले. म्हणाला, "रविवारी ये परत."