वीस मिनिटांची तपासणी

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावात मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांची पहिली पोळीभाजी बहुतेक वेळा डॉक्टर सुहासिनी खांबेट्यांकडेच व्हायची. त्या मानसोपचारतज्ज्ञ, निवृत्त होऊनही दहा वर्षं झालेली. इतिहासात पीएचडी करणारी नेत्रा तर गेली तीन वर्षं दर रविवारी यायची, त्यामुळे ती जेवणानंतर घुटमळायला लागली तेव्हा काकूंना वाटलं, व्हिसाची काही भानगड असेल.

"काकू, एक विचारू? रागावू नका." तिने बॅगेतून एक झेरॉक्स काढली. "ही सही तुमचीच ना?"

सही त्यांचीच होती. तारीख, मार्च १९८२.

नेत्राचा प्रबंध त्या काळावरच होता. रेगन सरकारने खर्च कमी करायचा ठरवल्यावर आजारपणामुळे सरकारी भत्ता घेणाऱ्या लाखो लोकांची फेरतपासणी झाली आणि बऱ्याच जणांचा भत्ता बंद झाला. त्यातल्या काहींना गाठून ती त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करत होती. चुनखडीच्या खाणीत काम केलेल्या डेल हॉफर नावाच्या म्हाताऱ्याने स्वतःचे जुने कागद तिच्यापुढे ठेवले आणि त्यात त्याच्या तपासणीचा हा फॉर्म निघाला.

"मग?" काकूंचा आवाज चढला. "सरकारने पाठवलेले पेशंट मी तपासायचे. आठवड्याला पंधरा-वीस, प्रत्येकाला वीस मिनिटं. त्यात फसवणारेही असायचे, तुला काय माहीत!"

"मी तुम्हाला दोष देत नाहीये, काकू. मला फक्त तुमची बाजू हवीय, रेकॉर्डिंगवर."

नेत्रा गेली. झेरॉक्स टेबलावरच राहिली.

त्या सरकारचं सुहासिनींना मनापासून पटलं होतं. नागरिकत्व मिळाल्यावर पहिलं मत त्यांनी तिकडेच दिलं. माणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं, सरकारने त्याला पोसू नये, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्या स्वतः तशाच उभ्या राहिल्या होत्या. दोन वर्षं रात्रपाळ्या, हेटाळणी करणारे सीनियर्स, कडेवर पोर. कुणी हात दिला नव्हता.

चष्मा लावून त्यांनी फॉर्म वाचला. वर त्यांनीच लिहिलं होतं: आठवड्यातून तीन-चार वेळा आवाज ऐकू येतात, झोप नाही, प्रश्नाचं उत्तर द्यायला खूप वेळ लागतो. आणि शेवटी, त्यांच्याच अक्षरात: साधं, एकट्याने करायचं काम करू शकतो.

त्यांनी पुन्हा वाचलं. वरच्या ओळींवरून खालची ओळ निघतच नव्हती. आज एखाद्या शिकाऊ डॉक्टरने असं लिहून आणलं असतं, तर त्यांनी कागद परत केला असता.

"कशाला उकरतेस आता?" त्यांचे यजमान उल्हासकाका म्हणाले. "आणि बोलायचंच असेल तर नाव देऊ नकोस. गावात तुला मान आहे."

बुधवारी सुहासिनींनी नेत्राला फोन केला. "रेकॉर्डिंगचं नंतर बघू. आधी मला त्या माणसाकडे ने."

डेल हॉफर एका ट्रेलरमध्ये एकटा राहत होता. सत्त्याहत्तर वर्षांचा, आडव्या हाडाचा, स्वच्छ दाढी केलेला. नेत्राने ओळख करून दिली. त्याने बराच वेळ सुहासिनींकडे पाहिलं.

"तुम्ही खिडकी लावून घेतली होती," तो म्हणाला. "रस्त्याच्या आवाजाचा मला त्रास होत होता म्हणून. बाकी काही आठवत नाही."

सुहासिनींना तेही आठवत नव्हतं. "त्यानंतर काय झालं?" त्यांनी विचारलं.

त्याने सरळ सांगितलं. भत्ता अडीच वर्षं बंद होता. कोंबड्यांचं मांस कापायच्या कारखान्यात काम धरलं, अकराव्या दिवशी फिरत्या पट्ट्यासमोर उभा राहून ओरडायला लागला, त्यांनी काढून टाकलं. बायको मुलीला घेऊन ओहायोला बहिणीकडे गेली. मग एका फुकट काम करणाऱ्या वकिलाने अपील लढवलं आणि १९८४च्या शेवटी भत्ता परत सुरू झाला. बायको परतली नाही. मुलगी आता फोन करते.

"तुम्ही लिहिलंत ते तुम्हाला खरं वाटत होतं का?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"खरं वाटावं असं मला हवं होतं," सुहासिनी म्हणाल्या. "काम करता येत नाही असं मी फार वेळा लिहिलं, की भत्त्याच्या ऑफिसातून फोन यायचा. पेशंट पाठवणं कमी व्हायचं. तुम्ही आजारी होतात हे मला दिसलं होतं, मिस्टर हॉफर. ते मी लिहिलंही. आणि मग ते दिसलंच नाही असं धरून खाली सही केली. माझं चुकलं."

डेलने मान हलवली. "मी रेगनलाच मत दिलं होतं," तो म्हणाला. "दोन्ही वेळा."

"दुसऱ्या वेळीही? भत्ता बंद झाल्यावर?" नेत्राच्या तोंडून निघून गेलं.

"मला वाटलं, ते आळशी लोकांबद्दल बोलतायत. मी आळशी नव्हतो."

मग तो उठला आणि त्याने कॉफी केली. कॉफी पाणचट होती. दोघींनी ती संपवली.

पुढच्या शनिवारी सुहासिनींनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन तास रेकॉर्डिंग दिलं. सुरुवातीलाच पूर्ण नाव सांगितलं आणि संमतीच्या कागदावर ते छापायची परवानगीही दिली. हॉफरसारख्या किती जणांना कामाला लायक ठरवलं, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "मोजलं नाही. मोजायला हवं होतं." मत कुणाला दिलं याचा पश्चात्ताप होतो का, असं नेत्राने विचारलं.

"मताचा नाही. सरकारने खर्च कमी करावा असं मला आजही वाटतं, आणि हे तू कापू नकोस," त्या म्हणाल्या. "पण तो फॉर्म सरकारने भरला नव्हता. समोर बसलेला माणूस मी पाहिला होता. वॉशिंग्टनमधल्या कुणीच पाहिला नव्हता."