फॉर्मरली

नवरा रुपराव गेल्यावर खापरखेड्याच्या वीज केंद्राचं क्वार्टर सोडावं लागलं. मूलबाळ नव्हतं. जयवंतानं नागपूरजवळ वाडीत एक खोली भाड्यानं घेतली. जवळच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात फोन घ्यायला बाई हवी होती, पण थोडं इंग्रजी लागेल म्हणाले. तिनं पंचेचाळिशीत इंग्रजीचा क्लास लावला.

त्या दिवशी कामिनी मॅडमनी फळ्यावर शब्द लिहिला, फॉर्मरली. "म्हणजे पूर्वी. पूर्वी होतं, आता नाही. नागपूर फॉर्मरली राजधानी होतं. चला, एकेक वाक्य करा."

कोणी म्हणालं, मी फॉर्मरली जाडा होतो. वर्ग हसला. मग जयवंता उभी राहिली. "रुपराव वॉज फॉर्मरली माय हजबंड."

मॅडम जरा थबकल्या. "ताई, याचा अर्थ तुमची फारकत झाली असा होतो."

"काहून? होते, आता नाहीत. तुमीच तर सांगितलं."

"नातं मोडलं असेल तर फॉर्मरली. माणूस गेला असेल तर लेट. माय लेट हजबंड."

जयवंता खाली बसली. नातं मोडलं नाही, हे ऐकून तिला बरं वाटलं. पण खोलीवर आल्यावर ते नातं एकटीनं कसं निभवायचं, हे कोणत्याच शब्दात नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती मुलाखतीला गेली. मॅनेजर विक्रमनं विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"माय लेट हजबंड..." एवढंच बोलून ती अडखळली.

"लेट येतात का ड्युटीवरून? मग तुम्हाले बी संध्याकाळी थोडा उशीर चालंल."

तिच्या डोळ्यांपुढं सेकंड शिफ्ट करून आलेला रुपराव उभा राहिला. सायकलच्या हँडलला डबा, शर्टावर राख. हो म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. ह्या एका ऑफिसात तरी तो घरी येत राहिला असता.

"नाही साहेब," ती म्हणाली. "ते आता येत नाहीत. वारले."

विक्रम ओशाळला. त्यानं फाइल मिटली, पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. "सोमवारपासून या, ताई."

येताना तिनं पावशेर पेढे घेतले. शेजारच्या अंजनाबाईच्या दाराला कुलूप होतं. खोलीत येऊन तिनं पेढ्यांचा डबा उघडला.

"मले काम भेटलं," ती मोठ्यानं म्हणाली.

रस्त्यावर ट्रक जात होते. तिनं एक पेढा खाल्ला आणि भात टाकला.