छातीवरचा हात

आग्नेस आंटीनं आयुष्यात कधी शाळेत शिकवलं नव्हतं, पण परळच्या चर्चच्या पॅरिशमध्ये तिच्या पाठीमागे सगळे तिला हेडमिस्ट्रेसच म्हणत. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग कंपनीत तिनं सगळी नोकरी काढली, रिटायर झाली आणि ऑफिसची शिस्त तेवढी घरी घेऊन आली. नवरा गेलेला, मुलगा जेसन दुबईला. मग ती शिस्त चालवायची कुणावर? आपसूकच चर्चच्या वाट्याला आली. खुर्च्या वाकड्या लागल्या की ती सरळ करी, आणि फादरांचं प्रवचन लांबलं की घड्याळाकडे बघे. लोक तिला टरकून असत, आणि तिच्याशिवाय त्यांचं पानही हलत नसे.

दर गुरुवारी पॅरिशची चार-सहा माणसं कॅन्सरच्या इस्पितळासमोरच्या फुटपाथवर जेवण घेऊन जात. गावोगावहून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं तिथे ताडपत्री बांधून राहतात. उपचार लांबत जातात, लॉज परवडत नाही, मग फुटपाथ हेच घर होतं. ज्यांचा घसा धरलाय त्यांच्यासाठी आग्नेस स्वतःच्या हातानं पेज करी, आईनं शिकवली होती तशी, उकड्या तांदळाची आणि अगदी पातळ. पेजेत कधी कसूर नाही. पण वाढायची ती उभ्यानंच. ‘बरं आहे ना?’ विचारायचं आणि उत्तर यायच्या आत पुढच्या ताडपत्रीकडे वळायचं. फुटपाथवर ती कधी टेकली नाही.

तिथेच कमलाबाई होती, बार्शीकडची. नवऱ्याच्या घशाला गाठ आणि संगतीला दुसरं कुणी नाही. तिनं एकदा कागदात बांधलेली शेंगाचटणी पुढे केली होती. “आम्ही काही घेत नसतो हं,” असं म्हणून आग्नेसनं हात मागे घेतला. पॅरिशचा नियम तसा होताच, पण कमलाबाईला नियम कुठला माहीत असायला! तिनं ती पुडी मुकाट्यानं पदराखाली ठेवली.

ज्या शुक्रवारची ही गोष्ट, त्याच्या आदल्या गुरुवारी कमलाबाईच्या नवऱ्याला पेजही उतरेना. चमचाभर तोंडात जायची आणि ओठांच्या कडेनं बाहेर यायची. “उद्या तपासनीचा नंबर हाय,” कमलाबाई म्हणाली, “नळी घालायची का ते उद्या सांगनार हायेत.” आग्नेसनं मान डोलावली आणि पातेलं उचललं. पण घरी गेल्यावर ती ओठांच्या कडेची पेज काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला शुक्रवार होता. पहिल्या शुक्रवारी घरी पडून असलेल्या आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेऊन द्यायचा असतो आणि पॅरिशमधल्या काही निवडक माणसांना तो मान असतो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की फादर वेदीवरून पवित्र भाकरीचा तुकडा सोनेरी डबीत ठेवतात, डबी कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायची आणि थेट आजाऱ्याच्या घरी जायचं. ही साधी डबी नव्हे. आत प्रत्यक्ष ख्रिस्त आहे, अशी श्रद्धा आहे, आणि आग्नेसची ती नुसती म्हणण्यापुरती नव्हती. तिला शिकवणारे म्हातारे फादर सांगून गेले होते की वाटेत गप्पा नाहीत, दुकानात शिरायचं नाही, कुठे रेंगाळायचं नाही. आग्नेसनं त्यात पदरचीही भर घातली होती. ती वाटेत एक शब्दही बोलत नसे, कुणाकडे बघत नसे, आणि उजवा हात छातीवरच्या डबीवर घट्ट दाबून नाकासमोर चालत असे. ओळखीचे लोक हे जाणून होते. तो हात दिसला की ते बाजूला होत आणि कुणी कुणी क्रूसाची खूणही करत.

त्या सकाळी ती भोईवाड्याकडे निघाली होती, रूपर्ट अंकलकडे. इस्पितळाच्या गेटपाशी नेहमीची रांग होती. आग्नेसनं मान खाली घातली आणि पाय उचलला. तेवढ्यात हाक आली.

“बाई! अवो बाई, थांबा!”

आवाज कमलाबाईचा. तिचा नवरा गेला की काय? पाय अडखळले, हे खरं. पण छातीवरच्या डबीची कड तळव्याला लागली आणि वर्षानुवर्षांची सवय वर आली. तिनं न वळताच डावा हात वर केला, थांब, नंतर, अशी खूण केली आणि चालू लागली. मागे पुन्हा हाक आली, आधीपेक्षा जवळून. आग्नेसनं वेग वाढवला. देवाला घेऊन जाताना माणसासाठी थांबायचं नाही, असं कुणी तिला सांगितलं नव्हतं. थांबायचं, असंही कुणी सांगितलं नव्हतं. आणि न सांगितलेलं करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

रूपर्ट अंकल तिसऱ्या मजल्यावर खाटेवर वाट बघत होते. वय झालेलं, पाय गेलेले, पण पहिल्या शुक्रवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसणार म्हणजे बसणार. सून पर्लनं टेबलावर पांढरं कापड घालून मेणबत्ती लावून ठेवली होती. आग्नेसनं डबी कापडावर ठेवली, प्रार्थना सुरू केली, आणि खालून हाक आली.

“बाई! अवो पेजवाल्या बाई!”

पर्ल खिडकीशी गेली. “आंटी, कोणतरी बाई आहे. तुमच्याच पाठी आलेली दिसते. घाबरलीय खूप. मी जाऊ का खाली?”

“नंतर,” आग्नेस म्हणाली. “आधी हे होऊ दे.”

ती प्रार्थना तिला झोपेतही येत असेल. पण ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ या ओळीला तिची जीभ अडखळली आणि पुढचं आठवेना. खाटेवरून रूपर्ट अंकलनी ती ओळ पुरी केली. मग तिनं प्रसाद दिला, त्यांनी डोळे मिटून तो घेतला.

डोळे उघडले तसे ते म्हणाले, “ती बाई कोण, आग्नेस?”

आग्नेसनं सांगितलं. फुटपाथ, नवऱ्याचा घसा, गेटपासून येणाऱ्या हाका, सगळं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं.

“मग थांबायचं ना गो. मी कुठं पळून चाललो होतो? खाटेवरच हाय मी, जायाला पाय कुठं हायत!”

एरवी या बोलण्यावर तिनं त्यांना दटावलं असतं. आज तिनं रिकामी डबी पिशवीत घातली आणि चहाला न थांबता जिना उतरली.

खाली कुणी नव्हतं. वॉचमन म्हणाला, “बसली होती ती बाई पायरीवर. मग फोन आला कुणाचा, तशी पळत गेली. रडायलाच आली होती बिचारी.”

आग्नेस आंटी रस्त्यानं पळतेय, असं दृश्य परळनं त्या आधी पाहिलं नव्हतं. साडीच्या निऱ्या एका हातात, पिशवी गळ्यात लोंबकळत, आणि तोंडानं सारखं ‘येशू, येशू’. तिच्या डोक्यात एकच होतं: त्याचा जीव गेला, आणि मी खूण करून पुढे गेले.

ताडपत्रीखाली सतरंजी गुंडाळून ठेवलेली होती. माणूस नव्हता. शेजारच्या ताडपत्रीतला म्हातारा चूळ भरत होता, त्याला सगळे नाना म्हणत.

“नाना, कमलाबाईंचे मालक?”

“आत नेलंय त्यांना. आम्हीच धरून नेलं.” नाना वैतागलेला होता. “पहाटेपासून लायनीत उभी होती ती. नंबर जवळ आला आणि बया गेली कुठंतरी पळत, फाईल घेऊन. इकडं नाव पुकारलं. फाईल नाही तर कोण बघणार? मी फोन केला तेव्हा आली, पण नंबर गेला तो गेलाच. सगळ्यांचं होऊन वेळ उरला तर बघतो म्हणालेत, नाहीतर सोमवार.”

तो जिवंत आहे एवढं कळलं आणि आग्नेसचा जीव भांड्यात पडला. पण पुढचं ऐकून तो तिथे टिकला नाही. पेज न उतरणारा माणूस आणि सोमवार. आपल्याला बोलवायला आली म्हणून तिचा नंबर गेला. आणि आपण वर मेणबत्तीसमोर ‘नंतर’ म्हणत होतो.

इस्पितळाच्या आतल्या ओसरीत भिंतीकडेला ती दोघं बसली होती. नवरा बायकोच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटून होता. आग्नेसला बघून कमलाबाई एकदम उठायला गेली, पण खांद्यावरचं डोकं हललं तशी पुन्हा बसली.

“बाई! बरं वाटतंय का आता?”

आग्नेसला कळेना. “मला? मला काय झालंय? तुम्ही मला बोलवत होतात ना, यांच्यासाठी?”

“यांच्यासाठी कशाला? हे तर बसलं व्हतं नानाजवळ. तुमीच छातीवर हात दाबून चालला व्हता, अन् तोंड हे असं उतरलेलं. हाक मारली तर बोलवंना तुमास्नी, नुसता हात केला. माजा धाकला दीर असाच गेला वो. छातीवर हात ठेवून येष्टी स्टँडातनं चालत आला अन् बसला तो उठलाच न्हाई. म्हनलं, बाई एकलीच हाय, कुटं पडली तर?” तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. पाणी गढूळसर दिसत होतं. “साखर-मीठ घातलंय. तुमच्या मागनं हेच घिऊन पळत व्हते.”

आग्नेस उभीच राहिली. फुटपाथवरच्या या माणसांना ती गुरुवारमागून गुरुवार मदत करत आली होती. त्यांच्यातलं कुणी आपल्याला मदत करायला मागे धावत असेल, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. हाक आली म्हणजे ती मागणाऱ्याचीच असणार, असं ती धरून चालली होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज तिनं लपवली नाही. ती तिथेच, लोकांच्या चपलांच्या वाटेत, कमलाबाईच्या शेजारी फरशीवर बसली. गुडघे कुरकुरले. डोळ्यांतलं पाणी तिनं पदरानं पुसलं, पण ते थांबेना.

“दुखतंय का लई?” कमलाबाईनं विचारलं.

“नाही हो. मला काहीच झालेलं नाही. माझ्या चालण्यापायी तुमचा नंबर गेला.”

“जाऊ द्या. बघतो म्हनलेत.” कमलाबाईची नजर अजून तिच्या छातीवरच होती. “मग हात कशापायी धरला व्हता?”

आग्नेसनं पिशवीतली डबी काढून तिच्या हातात दिली. असं कधी कुणाच्या हातात तिनं ती दिली नव्हती.

“आमचा देव होता यात. आजाऱ्याकडे नेत होते.”

कमलाबाईनं डबी आधी कपाळाला लावली, मग नवऱ्याच्या मिटल्या डोळ्यांना लावली आणि दोन्ही हातांनी परत केली. तिचा चेहरा उजळला होता.

“व्हय? मग त्यानं ऐकली आसंल की माजी हाक.”

टोमणा मारावा असं त्या बाईच्या मनातही नव्हतं. देव इतका जवळून गेला, आणि आपण नेमकी तेव्हाच हाक मारली, याचंच तिला समाधान वाटत होतं.

“त्यानं ऐकली,” आग्नेस म्हणाली. “थांबले नाही ती मी.”

“आसू द्या. आता बसलाय न्हवं.” कमलाबाईनं बाटलीचं झाकण उघडलं. “घ्या. घोटभर घ्या, तोंड सुकलंय.”

आम्ही काही घेत नसतो, हे वाक्य सवयीनं आग्नेसच्या ओठांपर्यंत आलं. तिनं ते गिळलं आणि बाटली हातात घेतली. पाणी कोमट होतं आणि मीठ जरा जास्त पडलं होतं. तिनं ते थांबून थांबून प्यायलं. मग कमलाबाईचा खांदा अवघडला असेल म्हणून तिनं तिच्या नवऱ्याचं डोकं अलगद आपल्या खांद्यावर घेतलं, आणि नाव पुकारेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.