खाडाखोड नसलेली रजावही

मित्रांनो, मी एक जुनी रजावही आहे. आष्ट्याजवळच्या एका दूध डेअरीच्या कपाटात राहते. आज सकाळपासून माझ्या जिवाला चैन नाही. बॉयलरवरचा आकाराम आज निवृत्त होतो आहे आणि त्याची शिल्लक रजा माझ्यावरून मोजली जाणार आहे.

हिशेब साधा आहे. जितके दिवस रजा शिल्लक, तितक्या दिवसांचा पगार. आकारामचा रोज आठशे रुपये. त्या पैशांतून त्याला कवठे महांकाळकडच्या आपल्या गावी मेंढ्या घ्यायच्या आहेत. त्याचे वडील बिराप्पा यांना कळप विकावा लागला, तेव्हाच तो इथे नोकरीला लागला होता.

माझी बांधणी सांगलीची. लाल कापडी पाठ, जाड पाने. नानासो कारकुनाने मला फार जपले. तपासनीस मला चाळून म्हणायचे, "वही असावी तर अशी! एकही खाडाखोड नाही." मी काय फुगायचे म्हणून सांगू!

पण त्या कौतुकानेच घात केला. आकारामच्या गावच्या जत्रेआधी नानासो त्या बाजूच्या सगळ्या कामगारांची चार-चार दिवस रजा एकदमच शाईने लिहून टाकायचे. दूध काही जत्रेसाठी थांबत नाही. मग दरवर्षी आकाराम म्हणायचा, "तुमी जावा रं, मी हाय बॉयलरवर." तो कामावर यायचा आणि माझ्यात मात्र रजेवर असायचा. नानासोंना ते ठाऊक होते. पण खोडले तर पान घाण होईल, म्हणून राहू द्यायचे. असे बारा वर्षे चालले. मला सगळे कळत होते आणि तोंड नव्हते.

नानासो गेले. मी धूळ खात पडले. आज नव्या कारकून पूजाने मला झटकून उघडले.

"आकाराममामा, साठ दिवस शिल्लक. इथं सही करा."

आकाराम बोटांवर मोजत राहिला. "साठच? चार मेंढ्या येतील म्हणा की. आवं ताई, जत्रंला तर मी कवा गेलोच न्हाई."

"वहीत तर दरवर्षी रजा दिसतीय."

"मग आसंल. वही कशाला खोटं बोलंल?"

मित्रांनो, मी लाजेने मेले! त्याने पेन उचलले. एवढ्यात पूजा थबकली. "थांबा मामा. तुमी रजेवर, तर बॉयलर कोण चालवत हुतं?"

ती स्टुलावर चढली आणि हजेरीपुस्तके काढली. बाराही वर्षे, जत्रेच्या चारही दिवशी, आकारामची वाकडी सही तिथे होती.

मग तिने लाल पेन घेतले आणि माझ्या गुळगुळीत पानांवरच्या अठ्ठेचाळीस दिवसांवर काट मारली. एकशे आठ दिवस झाले. आकाराम डोळे पुसत म्हणाला, "सात मेंढ्या! आन यंदा जत्रंला जायाचं, ताई."

आता मी फार विद्रूप दिसते. तरी आज पहिल्यांदा मला शांत वाटते आहे. मित्रांनो, वह्या जरूर जपा. पण पान स्वच्छ राहावे म्हणून कामावर आलेल्या माणसाला कधी रजेवर ठेवू नका.