तिसऱ्या वळणावरचा जोड

आतडी बनवणं हे माझं काम. सिलिकॉनची. साच्यातून दोन अर्धे काढायचे, चिकटवायचे, आत बुळबुळीत जेल फिरवायचं आणि वेटोळं पाण्याच्या टाकीत सोडायचं. बाहेरचे पट्टे आळीपाळीने आवळले की गिळायची कॅमेऱ्याची गोळी आतून पुढे सरकते. प्रयोगशाळेत माझ्या हाताचं कौतुक होतं आणि मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी तिसऱ्या वळणावर गोळी अडकायला लागली. जोडाची कड आत राहून तिथली जागा अरुंद झाली होती. आमच्याकडे पद्धतच पडली होती, गोळी अडकली की चूक आतड्याची. मी कड घासली, जेल वाढवलं, गोळी सुळकन पार. आधीच्या अकरा चाचण्यांपुढे मी 'नमुना सदोष' लिहिलं आणि चहाला गेलो. खऱ्या माणसाच्या पोटातही अशी अरुंद जागा असू शकते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्याच सुमारास दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं, पोट दुखायला लागलं. नळीच्या तपासणीचं नाव काढलं तरी तो हातपाय गाळायचा, म्हणून ही गोळी ठरली. डॉक्टर म्हणाले, आधी विरघळणारी गोळी देऊन वाट मोकळी आहे का बघू, दोन दिवस जातील. दादाने माझ्याकडे पाहिलं.

"तू काय म्हणतोस?"

"अरे, चारशे वेळा गेली आहे माझ्यासमोर. गिळ बिनधास्त."

त्याने ती आधीची तपासणी नाकारली. गोळी गिळताना म्हणाला, "आत काय काय सापडलं ते तुझ्या वहिनीला सांगू नकोस."

गोळी लहान आतड्यात अडकली. चौथ्या दिवशी आतडं फाटलं. ऑपरेशनला नेण्याआधी सगळं सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं. त्याने माझा हात धरला, म्हणाला, "तू आहेस ना, मग झालं." मी नुसती त्याची चादर सारखी केली. दोन दिवसांनी दादा गेला.

लोक पांगल्यावर वहिनी माझ्यासमोर येऊन बसली. "भाऊजी, तुम्ही धीर दिलात म्हणून ते घाबरले नाहीत. तुमचे उपकार कसे फेडू?"

ते मात्र मला सहन झालं नाही. मी सांगितलं. प्रयोगशाळेत गोळी अकरा वेळा अडकली होती, ते मी मोजलंच नाही, आणि त्याला चारशेच सांगितले.



"त्यांना हे कळलं होतं?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "फार जीव होता त्यांचा तुमच्यावर."

मग ती उठली, दार उघडलं आणि मी चपला घालेपर्यंत तिथेच उभी राहिली.