हलू नगंस, आत्ती

हनुवटी टेकायला लोखंडी टेकू, कपाळाला पट्टा आणि समोर पडद्यावर चार चित्रं: कोल्हा, ऊस, विहीर, म्हातारी. गोष्ट ऐकताना म्हाताऱ्या माणसांचे डोळे चित्रांवरून कसे धावतात, ते कॅमेरा टिपायचा. डोकं मात्र तसूभर हलता कामा नये. सांगलीच्या कॉलेजात राजेश्वरीनं हे संशोधन मांडलं होतं. यंत्र उद्या पुण्याला परत जाणार होतं आणि एकच नोंद उरली होती, तिच्या आत्याची, उंब्रजच्या अंबूबाईची.

गोष्ट आत्यानंच राजेश्वरीला लहानपणी सांगितलेली, आता राजेश्वरीच्या आवाजात आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली. "कोल्हा उसात शिरला," असं ऐकताच अंबूबाईनं मान डोलावली. "हं!"

कॅमेऱ्यातून डोळे गायब.

"आत्ती, हलू नगंस की! हं म्हणायचं न्हाई, गप ऐकायचं."

"मग सांगणाऱ्यानं काय भिताडाला सांगायचं?"

पुन्हा लावलं, पुन्हा "हं". राजेश्वरीचं पित्त खवळलं. "आत्ती, तुज्या एका हं पायी माजं वर्साचं काम पाण्यात जाईल!"

अंबूबाईचं तोंड एवढंसं झालं. "बरं बाई," म्हणून तिनं हनुवटी टेकवली, ती जागची हलेना.

आता नोंद कशी देखणी उतरत होती! पण राजेश्वरीला काही गोड लागेना. तिचाच रेकॉर्ड केलेला आवाज खोलीत एकटा बोलत होता. वाक्य संपायचं आणि पुढं नुसती शांतता. तिला उंब्रजचं अंगण आठवलं, आत्तीची मांडी आठवली. हुंकार चुकला की आत्ती थांबायची, "निजलीस व्हय गं?" हुंकार नाही तर गोष्ट नाही, असा त्या घरचा कायदाच होता. आई गेली, अंगणात दुकानाचे गाळे उठले. गोष्ट सांगणारं हे एकच माणूस उरलं होतं आणि त्याच्याच तोंडाला तिनं कुलूप घातलं होतं.

"मग म्हातारीनं विहिरीत वाकून बघितलं," आवाज म्हणाला. गोष्ट संपतच आली होती.

"हं," राजेश्वरीच्या तोंडून गेलंच.

अंबूबाई खदाखदा हसली. हनुवटी सुटली, पट्टा नाकावर आला, डोळे पुन्हा गायब.

"आता गं? आता कुणी मोडलं?"

राजेश्वरीनं यंत्र बंद केलं, टेकू बाजूला सारला आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. "ऱ्हाऊ दे ते. पुढचं तूच सांग, आत्ती."

"सांगती की. पर हं म्हण."